विचारलं होतं म्हणे

"गरीब गाय होती हो माझी बहीण," मामा म्हणाला आणि त्याने रुमालात नाक शिंकरलं. "कितीही बोला, उलटून शब्द नाही."

धाकट्याने मान डोलावली. स्टँडवर लावलेला मोबाइल त्याने मामाकडे जरा वळवला, म्हणजे नाक शिंकरणंही नीट यावं.

आईला जाऊन वर्ष झालं होतं. माझ्या या धाकट्या भावाच्या डोक्यात आलं की घरच्या सगळ्यांनी तिच्या आठवणी सांगायच्या, त्या मोबाइलमध्ये भरायच्या आणि जोडून एक फिल्म करायची. पुढच्या पिढीला कळायला हवं म्हणे, आजी कोण होती. त्यासाठी त्याच्या हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. त्यातली एक खिडकीजवळ, उजेडात. ज्याची पाळी येईल त्याने उठून तिच्यात बसायचं आणि बोलायचं. न्हाव्याच्या दुकानासारखं. एकाचं झालं की दुसरा.

मी दाराशी बसले होते. मला दाराशीच बसायची सवय आहे, कोणाला न सांगता निघता येतं.

मामानंतर आत्या बसली. "घरात कितीही माणसं येऊ देत, वहिनीच्या कपाळाला आठी नाही. आम्ही जेवून आडवे झालो की ती मागून उरलंसुरलं खायची. पण चेहरा कसा? हसरा." आत्याने हसरा चेहरा करून दाखवला. आत्या, तू एकदा तरी उठून तिला वाढलंस का, तेही सांग की, असं जिभेवर आलं होतं. गिळलं. अशा कार्यक्रमात खरं बोललं की लोक म्हणतात, बाईला दुःख सोसवत नाही, पाणी द्या.

मग भावजय बसली. "आई मला कधी म्हणजे कधी टोचून बोलल्या नाहीत." हे मात्र खरं होतं. शेवटची सगळी वर्षं आई माझ्या एका खोलीच्या घरात अंथरुणावर पडून होती. भावजयीला टोचून बोलायला तिला बस बदलून यावं लागलं असतं.

शेवटी धाकटा स्वतः खुर्चीत बसला. कॉलर नीट केली. घसा साफ केला. मोठ्या दुकानात मॅनेजर आहे तो, बोलायची सवय आहे.

"आईने हॉस्पिटलच्या लाँड्रीत आयुष्य घातलं," तो म्हणाला. "वाफेत उभी राहून आम्हाला वाढवलं. पण कष्ट काय, सगळेच करतात. मला सांगायचंय ते तिच्या मनाबद्दल. आता ताई इथे बसलीय, तिने राग मानू नये. लाँड्रीतली कायमची जागा आई ताईला देत होती. स्वतः विचारलं तिला. ताई नको म्हणाली. मग ती जागा परक्या बाईला गेली. पण त्यावरून आईने ताईला जन्मात एक शब्द ऐकवला नाही. उलट म्हातारपणी ताईच्याच घरी जाऊन राहिली. याला म्हणतात आईचं काळीज."

सगळ्या खुर्च्या माझ्याकडे वळल्या. आणि त्या तोंडांवर काय होतं माहीत आहे? क्षमा. सगळ्यांनी मिळून मला कधीच माफ करून टाकलं होतं आणि मला पत्ताच नव्हता.

"मला कोणी विचारलं?" मी म्हणाले.

"कशाचं?"

"जागेचं. मला कोणी विचारलं होतं?"

"आईने."

"कधी?"

"ताई, रेकॉर्डिंग चालू आहे."

"चालू दे. कधी विचारलं?"

धाकट्याने आत्याकडे बघितलं. आत्या म्हणाली, "जाऊ दे ना ग आता. तरण्या वयात डोकं थोडं वर असतंच. वाफेने चेहरा काळवंडेल असं वाटलं असेल तुला. आम्ही नाही धरून बसलो."

"असं कोण म्हणालं तुला?"

"कोण म्हणजे? तुझी आई. माझ्या घरी येऊन सांगून गेली. पोरीला वाफ सोसत नाही, विचारलं तर नको म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या."

"मलाही तेच म्हणाली," मामा म्हणाला. "मी तेव्हाच म्हटलं, पोरीने भरल्या ताटाला लाथ मारली."

हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं. मामाच्या तोंडून, मामीच्या तोंडून, कुठल्याही चार माणसांत, मी पाठ वळवली की ते कानावर यायचं. मला वाटायचं, नवरा सोडला त्याबद्दल बोलतात. त्या ताटात काय वाढलेलं होतं ते माझं मला माहीत, म्हणून मी कधी वळून उत्तर दिलं नाही. म्हणजे एवढी वर्षं मी भलत्याच गुन्ह्याची शिक्षा समजून हे ऐकत होते.

"मला कोणी विचारलं नव्हतं," मी पुन्हा म्हणाले. "आईने मला सांगितलं, तिने माझं नाव घेतलं होतं आणि साहेबाने ते खोडलं."

भावजयीने पंखा एक घर कमी केला, उगाच.

"मग काय, आई खोटं बोलली?" धाकटा म्हणाला.

त्याने सरळ विचारलं, चिडून नाही. पण त्या हॉलचा निकाल आधीच लागला होता. एकीकडे भिंतीवरच्या फोटोतली बाई. दुसरीकडे नवरा सोडलेली, दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांची गू-मुतं काढून पोट भरणारी, दाराशी बसलेली मी. सांगा, कोण खोटं बोललं असेल?

मी चप्पल घातली आणि निघाले. मागून आत्याचा आवाज आला, "राहू दे, रागाने गेली, येईल परत."

आता ही जागा म्हणजे काय, ते सांगायला हवं.

हॉस्पिटलची लाँड्री मागच्या अंगाला, तळघरात होती. चादरी धुऊन, पिळून निघाल्या की रोलरवर यायच्या. रोलर म्हणजे माणसाच्या कमरेएवढा जाड, आडवा लोखंडी रूळ, आतून वाफेने तापलेला, सतत फिरणारा. ओली चादर त्याच्यात एका बाजूने घालायची, दुसऱ्या बाजूने ती कडक होऊन बाहेर येते. घालायला दोन बायका लागतात. या टोकाला एक, त्या टोकाला एक. दोघींनी कोपरे ताणून धरायचे आणि एका वेळी सोडायचे. एकीचा हात वर गेला आणि दुसरीचा खाली राहिला की चादर तिरकी जाते, चुणी पडते. चुणी काढायला जी हात घालते तिचा हात रोलर सोडत नाही.

म्हणून जोडी एका उंचीची लागते आणि एकमेकींवर भरवसा असणारी लागते. आणि म्हणून आमच्या लाँड्रीत एक रीत होती. जोडीतली एक गेली, की उरलेली बाई नवी जोडीदारीण निवडायची. पाळी बदलताना रोलर बंद करायचा आणि सगळ्यांसमोर नाव घ्यायचं. जिचं नाव घेतलं ती कायम झाली. साहेब फक्त सही करायचा. आधीच्या एका साहेबाने आपल्या मर्जीने जोडी लावली होती, त्यात एकीची बोटं गेली. तेव्हापासून या बाबतीत कोणी साहेब तोंड उघडत नव्हता.

मी तिथे बदलीवर जायचे. बदली म्हणजे कोणी आलं नाही तर तिच्या जागी दिवसापुरतं काम. आज बोलावलं तर आहे, उद्या नाही. माझं काम रोलरपासून लांब, चादरी वाळत घालायच्या दोऱ्यांवर.

पहिल्याच दिवशी मी तळघराच्या पायऱ्या उतरत होते तर खालून शिट्टी ऐकू आली. दोन बोटं तोंडात घालून मारतात तशी, कानठळ्या बसवणारी. मग एक बाई साहेबाच्या पोटावर गाणं म्हणायला लागली. पँटचं बटण आणि पोट यांचं भांडण लागतं आणि शेवटी बटण जीव देतं, असं काहीतरी. मधल्या ओळी इथे लिहिण्यासारख्या नाहीत. बायका हसून हसून दोऱ्यांना धरून उभ्या होत्या. "फौजदार, पुरे ग, मुतवशील," कोणीतरी ओरडलं.

मी खाली पोचले. फौजदार म्हणजे माझी आई होती.

पदर कमरेला खोचलेला, तोंड वाफेने लाल, एक पाय रोलरच्या कठड्यावर. मी आईला अशी कधी बघितली नव्हती. आमच्या घरात भांडं पडलं तरी बाबा विचारायचे, "कोण मेलं?" त्या घरात आई भिंतीला घासून चालायची. आणि ही बाई तर तळघर डोक्यावर घेऊन उभी होती. मी अशी खूश झाले की काय सांगू. जत्रेत हरवलेली बाई सापडावी तसं झालं मला.

तिने मला बघितलं. गाणं ओळीच्या मध्ये तुटलं. पाय कठड्यावरून खाली आला, पदर सुटला. "जेवलीस का?" तिने विचारलं. बायकांचं हसणंही हळूहळू विझलं.

त्या दिवशी घरी आल्यावर मी तिला स्वयंपाकघरात हळूच म्हणाले, "आई, ते बटणाचं गाणं म्हण ना." ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "कुठलं गाणं?" आणि कणीक तिंबायला लागली.

पुढे मी दिसले की तळघर शांत व्हायचं. पायरीवर माझं पाऊल वाजलं की कोणीतरी हळूच म्हणायचं, "फौजदाराची पोर आली." मला ते आवडायचं. मला वाटायचं, मान देतात.

मग आईची जोडीदारीण म्हातारी होऊन घरी बसायची वेळ आली. कोणाचं नाव येणार यात कोणालाच शंका नव्हती. आम्ही मायलेकी उंचीला अगदी सारख्या, एकीचे कपडे दुसरीला यायचे. नवऱ्याचं घर सोडून मी नुकतीच आईच्या दारात आले होते. मला ती जागा हवी होती असं म्हणणं म्हणजे बुडणाऱ्याला काठ हवा होता असं म्हणणं. कायमची जागा म्हणजे हॉस्पिटलची खोली, आजारपणाची सुट्टी, म्हातारपणी पेन्शन. कोणाच्या दाराशी बसायला नको.

नाव घ्यायच्या दिवशी आई सकाळी म्हणाली, "आज बदलीचं काम नाही. येऊ नकोस."

संध्याकाळी आली ती भिंतीकडे तोंड करून बसली. म्हणाली, "मी तुझंच नाव घेतलं ग. साहेबाने खोडलं. मायलेकींची जोडी नको म्हणाला, घरची भांडणं रोलरवर येतात म्हणाला. बांबूला घेतलं."

बांबू म्हणजे लाँड्रीतलीच एक लांबच लांब बाई. दारातून वाकून आत यायची.

साहेब या बाबतीत तोंड उघडत नाही हे मला माहीत होतं. सगळ्या लाँड्रीला माहीत होतं. तरी माझ्या मनात एकदाही आलं नाही की विचारावं. आई सांगत होती ना. आई कशाला खोटं बोलेल?

त्यानंतर मी लाँड्रीची पायरी उतरले नाही. आईनेच सांगितलं, "त्या माणसाचं तोंड बघू नकोस, आपली पण काही इज्जत आहे." मी बघितलं नाही. साहेब रस्त्यात दिसला तर मी पलीकडून जायचे. त्याने एकदा हात करून थांबवलं होतं, मी तोंड फिरवून थुंकले होते. मग घरोघरी आजारी माणसं सांभाळायला लागले. म्हातारा मेला की नोकरी गेली, दुसरा म्हातारा शोधा. शेवटी माझीच म्हातारी अंथरुणाला खिळली. धाकट्याच्या घरी तिला जिना चढवत नव्हता. मी तिला आणलं. तिचं अंग पुसताना, कूस बदलताना ती माझा हात धरून म्हणायची, "साहेबाने तुझं वाटोळं केलं ग." किती वेळा म्हणाली असेल. मी म्हणायचे, "जाऊ दे आई, त्याचं त्याच्यापाशी." मी तिची समजूत काढायचे. तिची.

धाकट्याच्या घरातून निघाले ती तडक बांबूकडे गेले. आईच्या जुन्या जोडीदारणीला जाऊन बराच काळ लोटला होता. लाँड्रीतल्या आतल्या गोष्टी सांगणारी आता ही एकच उरली होती. हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत तळमजल्यावर राहते एवढं ऐकून होते. आमच्यात कधी शब्द झाला नव्हता. मी तिला बघून जळायचे, ती मला बघून मान खाली घालायची.

दार उघडंच होतं. बांबू भिंतीला टेकून, पाय लांब करून लसूण सोलत बसली होती. म्हातारी झाली तरी पाय संपता संपत नव्हते.

"कोण ग?" तिने डोळे बारीक केले. मग ओळखलं. "अरे बापरे. फौजदाराची पोर. ये. मला वाटलं मी मेल्यावरच येशील, खात्री करायला."

"बसू का?"

"उभी राहून भांडणार असशील तर उभी राहा. पण बसून भांडलेलं बरं, माझी मान वर होत नाही." तिने लसणाचं ताट सरकवलं. "वर्षाचं केलंत ना काहीतरी? ऐकलं मी. आम्हाला कोण बोलावतं."

"घरच्यांच्याच आठवणी होत्या."

"हो का. काय आठवलं मग घरच्यांना?"

"गरीब गाय होती म्हणाले."

बांबू हसायला लागली. खोकला येईपर्यंत हसली. डोळे पुसले. "गाय. बैल होती ती. शिंगावर घ्यायची एकेकाला. गाय म्हणे."

मी थांबले नाही. थांबले असते तर विचारलं नसतं. "आईने तुझं नाव का घेतलं?"

"ते तूच सांग. तू नको म्हणालीस म्हणून. तिने रोलर बंद केला आणि सगळ्यांना सांगितलं, पोरीला विचारलं, ती नको म्हणते, मी बांबूला घेते. साहेब पण होता. बायका हसल्या, म्हणाल्या फौजदाराने हातात काठी घेतली. मीच म्हणाले, अग तू एवढीशी, मी ही अशी, चादर जाईल का सरळ? तर म्हणाली, न जाऊन सांगते कोणाला."

"मला विचारलं नव्हतं."

बांबूची बोटं थांबली.

"मला तिने सांगितलं, साहेबाने माझं नाव खोडलं."

"साहेबाने?" बांबू म्हणाली. "त्याची काय टाप होती. तो तर पुढे चार महिने ओरडत होता, चादरी तिरक्या येतात, पोरीला पुन्हा विचार म्हणून. एकदा म्हणाला, मी स्वतः समजावतो तिला रस्त्यात गाठून." ती माझ्याकडे बघत राहिली. "खरंच विचारलं नव्हतं?"

"नाही."

तिने हातातली पाकळी ताटात टाकली. "हलकट," ती म्हणाली. "हलकट माझी फौजदार." रागाने म्हणाली की मायेने, मला कळलं नाही. दोन्ही असेल.

"का केलं तिने असं? मुलापायी? धाकट्याने काही सांगितलं होतं?"

"छे. मुलाला कुठे लाँड्रीची पडली होती." बांबूने पदराने हात पुसले. बराच वेळ पुसले. "एकदा बोलली होती. तुला विचारलं नव्हतं हे नाही बोलली. पण तुझ्याबद्दल बोलली. ऐकवेल तुला?"

"त्यासाठीच आलेय."

"जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी म्हणालं, पोरगी असती जोडीला तर घरी जाताना सोबत झाली असती. तर तुझी आई म्हणाली, नको ग बाई. घरात मी आई आहे, बायको आहे, वहिनी आहे, कोणाची ना कोणाची कोणीतरी आहेच. इथे खाली उतरले की मी कोणाची कोणी नाही. ती पोर पायरीवर आली की माझ्या घशातला आवाज जातो. ती बघते कशी माझ्याकडे? मी कधी चुकतच नाही अशी. तिच्यासमोर मला शिवी देता येत नाही, हसता येत नाही. मरेपर्यंत आठ तास ती समोर उभी राहिली तर मी जगू कशी?" बांबू थांबली. "असंच म्हणाली. मला पाठ आहे, कारण त्यावर कोणी हसलं नाही."

मी त्या खोलीत बसले होते आणि मला काही केल्या तो पहिला दिवस डोळ्यांसमोरून हलवता येत नव्हता. मी किती खूश झाले होते. मला तर तीच हवी होती, कठड्यावर पाय ठेवलेली. मी तिला ते गाणं मागितलं होतं. तिने मला कणीक दिली.

"म्हणजे तिला हसता यावं म्हणून माझं आयुष्य गेलं," मी म्हणाले.

"असंच म्हण. मी तिची बाजू घेणार नाही. जागा मी खाल्लीय, मी कुठल्या तोंडाने घेऊ?"

"शेवटी माझ्याकडे होती ती. मी तिचं सगळं केलं. तेव्हा तरी सांगायचं. तेव्हा कुठे लाँड्री होती?"

"सांगितलं असतं तर ठेवून घेतली असतीस घरात?"

पण विचारायचं होतं ना तिने. निदान एवढं तरी मला विचारायचं होतं. सगळ्यांना ती सांगत फिरली की पोरीला विचारलं, आणि पोरीला सोडून सगळ्यांशी बोलली. मामाकडे रडली, आत्याकडे रडली. मला समजतं तिचं. तळघरातला तो एवढासा तुकडा तिचा होता, तो तिला कोणाला द्यायचा नव्हता, हे मला कोणापेक्षाही जास्त समजतं. समजतं म्हणून काय माफ करायचं? एका बाईला श्वास घ्यायला जागा हवी होती आणि ती तिने दुसऱ्या बाईच्या छातीवर बसून मिळवली. घरातल्या पुरुषांच्या छातीवर बसायची तिची हिंमत झाली नाही. मी जवळ होते, मी मऊ होते.

मोबाइल वाजला. धाकटा होता.

"ताई, रागावून गेलीस. तुझ्या दोन ओळी राहिल्यात ग. सगळ्यांच्या झाल्या."

"ते वाक्य काढ."

"कोणतं?"

"विचारलं होतं आणि मी नको म्हणाले, ते."

"काढलं असतं ताई. पण मग आईने जागा परकीला का दिली, हे काय सांगू? ऐकणाऱ्याला प्रश्न पडणार."

"सांग, तिला मी समोर नको होते."

"काहीतरीच काय बोलतेस? असं कसं सांगणार आईबद्दल?"

"मग माझी पाळी गाळ."

"अग पण तू एकटी मुलगी तिची. लोक विचारतील."

"त्यांना सांग, तिला विचारलं होतं, नको म्हणाली. सवय आहे सगळ्यांना."

मी फोन ठेवला. बांबू माझ्याकडे बघत नव्हती, लसणाची टरफलं गोळा करत होती. तिने खाली बघत म्हटलं, "जीभ मात्र तिचीच आहे तुझी."

याचं काय करायचं मला सुचलं नाही. "पाणी दे," मी म्हणाले.

ती भिंतीला धरून उठली. कोपऱ्यात पाण्याचा माठ होता. तिने मला पेला भरून दिला आणि मग काय वाटलं कोणास ठाऊक, माठ दोन्ही हातांनी ओढत बाजूला केला. "हे बघ," ती म्हणाली.

माठाखाली जाडजूड लाकडी फळी होती. ओल पुसून तिने ती पायाने उजेडात ढकलली.

"तुझी आई याच्यावर उभी राहायची. मला वाकता येईना, चादर सरळ जाईना, मग सुताराकडून ही करून आणली तिने. रोज आली की आधी फळी लावायची, मग कामाला सुरुवात. बायका म्हणायच्या, फौजदार घोड्यावर बसली. एकदा पाय घसरून पडली, घोटा सुजला. तरी फळी सोडली नाही. लाँड्री मोडली तेव्हा भंगारात टाकत होते, मी उचलून आणली."

फळीवर दोन पावलं होती. कोणी कोरलेली नव्हेत, झिजलेली. टाचांच्या जागी खोल, चवड्यांच्या जागी उथळ, आणि मध्ये लाकूड तसंच राहिलेलं, खरबरीत. माझ्या पावलाएवढीच होती.

"ने तू," बांबू म्हणाली. "मी काय करणार ठेवून. माझ्यामागे कोणी जळणात घालेल. तुझ्या आईची आहे, तुझ्याकडे असू दे. नेतेस?"

मी पाणी संपवलं. पेला तिच्या हातात दिला.

"नको," मी म्हणाले.

बांबूने दोनदा विचारलं नाही. तिने फळी पायाने भिंतीपाशी सरकवली आणि माठ उचलायला वाकली. तिला एकटीला जमेना, म्हणून मी दुसऱ्या बाजूने हात लावला. ती उंच, मी बुटकी, माठ तिरका झाला आणि थोडं पाणी सांडलं. मग आम्ही दोघींनी तो फळीवर नीट बसवला.